पाण्याची वही

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब लिहितो. पाण्याचा कोण लिहितं?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. १९९० नंतर गावानं डोंगरावर चर खोदले, चराई बंद केली, शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली. तिथं ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरलेल्यात बसेल तेवढं पीक. ऊस नाही.

आपल्या शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी भरपूर. उसाला बेहिशेबी पाणी पाजलं आणि कितीतरी रानं क्षारपड झाली.

पुढच्या बैठकीपासून वहीत एक पान वाढवा: आपल्या रानात मोटर किती तास चालली?