जखमेवर अळंबे : उपाय की अपाय?

मागच्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक शेतकरी काका लंगडत दवाखान्यात आले. पायाचे फडके सोडले, तर अंगठ्याखालची जखम तपकिरी लेपाने लिंपलेली.

"फणसोंबा उगाळून लावतोय डॉक्टर, आमच्या आईचं औषध."

"किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस. पण दुखत नाही बघा."

ते 'दुखत नाही' ऐकूनच मला काळजी वाटली. रक्तातील साखर तपासली, ती तीनशेच्या वर निघाली.

फणसोंबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावर वाढणारे लाकडासारखे टणक अळंबे. मुलांची लाळ फार गळत असेल किंवा तोंड आले असेल, तर ते पाण्यात उगाळून लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. युरोपातही झाडावरच्या अळंब्याचा कुटून मऊ केलेला गर रक्त थांबवण्यासाठी जखमेवर दाबून धरीत. बुरशीचे औषध म्हणून हसण्याचे कारण नाही. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते बुरशीतच. पुढे १९५४ साली आपल्या पिंपरीत त्यासाठी सरकारी कारखाना स्थापन झाला.

मग काकांचे चुकले कुठे? कारखान्यातले पेनिसिलिन शुद्ध केलेले, जंतुविरहित आणि मोजून दिलेले असते. सहाणेवरच्या लेपात माती आणि जंतू असू शकतात. शिवाय मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही. रक्तपुरवठाही कमी पडतो, म्हणून ती भरत नाही. लेप धुतला तेव्हा खाली पू साचलेला होता आणि हाडापर्यंत दोष गेला होता. शस्त्रक्रिया करून अंगठा काढावा लागला. पाय वाचला, एवढेच समाधान.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा आणि स्वच्छ कापडाने झाका. उघड्या जखमेवर अळंबे, हळद, शेण, राख काहीही भरू नका. धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला, अथवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर पायाच्या बारीक जखमेसाठीही त्याच दिवशी या. रोज रात्री तळपाय पाहा, अनवाणी शेतात जाऊ नका.

आईच्या औषधाचा मान जरूर ठेवा. पण न दुखणारी जखम आधी डॉक्टरांना दाखवा.