पाठ टेकली तरी लढत संपत नाही : एमएमएची ‘फाइट नाइट’ असते तरी कशी?

तुळिंज : मोबाईलवर रील सरकवता सरकवता जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकांना ठोसे मारणारे दोघे दिसतात आणि घरातली मोठी माणसं विचारतात, ही कसली मारामारी? याला एमएमए म्हणतात, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, किकबॉक्सिंगच्या लाथा, कुस्तीची पकड आणि ज्युदो-जुजुत्सूचे गळा-सांधा आवळायचे डाव, सगळं एकाच लढतीत.

हे परदेशातच चालतं असं नाही. तुळिंजहून नालासोपारा स्टेशन गाठून लोकलने अंधेरीला उतरलं की जे शहाजी राजे क्रीडा संकुल लागतं, तिथेच 11 मार्च 2012 ला सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी ती लीग काढली होती. पुढे 2019 मध्ये टायगर श्रॉफ आणि त्याची बहीण कृष्णा यांची मॅट्रिक्स फाइट नाइट वरळीत सुरू झाली. आयची-नागोयाच्या 2026 च्या आशियाई स्पर्धेतही एमएमए पदकाचा खेळ म्हणून घ्यायचं ठरलं. त्यामुळे तालमीतली पोरं इकडे वळणार, हे धरूनच चालावं.

फाइट नाइट म्हणजे एका रात्रीत लागोपाठ आठ-दहा लढती. नवखे आधी, नावाजलेले शेवटी, अगदी आपल्या जत्रेतल्या फडासारखं. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर किताबाची पाच फेऱ्यांची. मध्ये एक मिनिट दम घ्यायचा. डोळ्यात बोट घालणं, चावणं, डोक्याने धडक, मानेच्या मागे किंवा जांघेत मारणं हे सगळं बाद. हातमोजे मात्र बॉक्सिंगच्या हातमोज्यांपेक्षा बरेच हलके आणि बोटं उघडी, कारण पकडायचंही असतं.

कुस्ती पाहणाऱ्याची गफलत होते ती पुढे. कुस्तीत पाठ लागली की चीतपट, विषय संपला. इथे पाठ लागल्यावर निम्मी लढत सुरू होते. खाली पडलेला गडी वरच्याचा हात पायात अडकवून कोपर उलटं करू शकतो, गळा आवळू शकतो. गळा नीट आवळला गेला तर मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून ‘टॅप’ असतो. हाताने दोन-तीनदा थापटलं की पंच लगेच सोडवतो. टॅप करण्यात कमीपणा नाही. टॅप न करता खांदा निखळून घेण्यात कसलं शौर्य?

महाराष्ट्राचा भरत कांदरे कुस्तीतून या खेळात आला. यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या एमएमए कंपनीत लढलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत धरून आवळली आणि लढत संपली. या डावाला गिलोटिन म्हणतात. पैलवानांना तो खास शिकून घ्यावा लागतो, कारण पट काढायला खाली वाकलं की मान आपसूक समोरच्याच्या काखेत जाते. मातीत ती सवय चालून जाते, पिंजऱ्यात महागात पडते.

पण रक्त दिसतं म्हणून घाबरायचं आणि वजनाकडे दुर्लक्ष करायचं, हे उलटं झालं. खरा धोका बऱ्याचदा आदल्या दिवशीच्या वजनकाट्यावर असतो. खालच्या गटात खेळायला मिळावं म्हणून पोरं पाणी तोडतात, वाफ घेतात, प्लास्टिकचा सूट घालून धावतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 ला 100 ग्रॅम जास्त भरल्यामुळे विनेश फोगाटची अंतिम कुस्ती गेली, हे सगळ्यांना आठवत असेल. एमएमएतही तसंच. मे 2022 मध्ये यूएफसीचा विजेता चार्ल्स ऑलिवेरा अर्धा पौंड, म्हणजे पाव किलोहून कमी, जास्त भरला. त्याचा किताब गेला. दुसऱ्या दिवशी लढत जिंकूनही पट्टा मिळाला नाही.

ही तरी निव्वळ पट्ट्याची गोष्ट. डिसेंबर 2015 मध्ये मनिलाच्या लढतीसाठी वजन उतरवताना चीनचा 21 वर्षांचा यांग जियान बिंग कोसळला आणि वारला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवणं बंद केलं आणि लघवीची तपासणी करून अंगात पाणी पुरेसं आहे की नाही हे बघायला सुरुवात केली. गल्लीतल्या स्पर्धेत अशी तपासणी कोण करणार? तिथे वस्ताद आणि घरच्यांनीच डोळे उघडे ठेवायचे. आठवड्यात पाच-सहा किलो उतरव असं कोणी सांगत असेल, तर पोराला वरच्या गटात उतरवा, नाहीतर ती लढतच सोडा.

नाव नोंदवायच्या आधी चार गोष्टी तोंडावर विचाराव्यात. लढत हौशी आहे की व्यावसायिक? पिंजऱ्याशेजारी डॉक्टर आणि बाहेर ॲम्ब्युलन्स उभी असेल का? समोरचा किती लढती खेळलेला आहे? दुखापत झाली तर खर्च कोणाचा, आणि तो कागदावर लिहिलाय का? आयोजक उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर पैसे भरू नयेत. पोरगं अठराच्या आतलं असेल तर आईबापांनी स्वतः जाऊन बघावं, फोनवर होकार देऊन मोकळं होऊ नये.

डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, तर बऱ्याच ठिकाणी किमान 30 दिवस लढायला बंदी घालतात. सरावातही तेवढे दिवस डोक्यावर मार घेऊ नये. आणि लढतीच्या रात्री पोराला एकट्याला विरार लोकलमध्ये बसवून देऊ नका. सोबत कोणीतरी हवं. उलटी, वाढती डोकेदुखी, बोलताना अडखळणं, नेहमीपेक्षा जास्त झोप येणं, यातलं काहीही दिसलं तर घरी नेऊन झोपवायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.