पायाखालची ऊब

काश्मीरमधील जुन्या घरांतील हमाम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या उबेचे सुख सांगावयास नको. दगडी फरशीखाली लाकडे पेटवायची आणि वर कुटुंबाने बसायचे, अशी ती रचना. थंड देशांत स्थायिक झालेली आपली मुले घर बांधू लागली, की आज हेच काम गरम पाण्याच्या नळ्यांकडे द्यावे की विजेच्या तारांकडे, असा प्रश्न उभा राहतो.

तारा बसविण्यास स्वस्त, पण चालविण्यास बहुधा महाग. एखाद्या न्हाणीघरापुरत्या त्या पुरेत. सबंध घरासाठी, विशेषतः नव्या बांधकामात, नळ्याच श्रेयस्कर. त्यांना ३५ ते ४५ अंशांचे पाणीही पुरते.

खाली उष्णतारोधक थर नसेल, तर बरीच ऊब जमिनीत मुरावयाची. कोबा घालण्यापूर्वी नळ्यांत दाबाने पाणी भरून गळती तपासावी व त्यांचा नकाशा जपून ठेवावा. कोबा पुरता वाळेपर्यंत उष्णता सोडू नये. वर दगड वा लादी उत्तम. जाड गालिचा ऊब अडवितो. युरोपीय मानकानुसार राहत्या खोलीची फरशी २९ अंशांहून अधिक तापू नये.

कोबा झाल्यावर गळती सापडली, तर फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून तपासणीचा तो एक दिवस वाचवू नये, हे मुलांना आवर्जून कळवावे.