कच्च्या आवृत्तीची पक्की परीक्षा

- प्रतिनिधी

दूरच्या संगणकाशी जोडणी होताना अर्धा सेकंद उशीर झाला, तर आपल्यापैकी किती जणांच्या ते लक्षात येईल? मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ते लक्षात आले आणि जगभरातील असंख्य सर्व्हर एका मोठ्या संकटातून वाचले.

फ्रॉइंड हे डेबियन या लिनक्स वितरणाच्या ‘अस्थिर’ शाखेवर डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होते. एरवी सुमारे ०.३ सेकंदांत होणारी जोडणी ०.८ सेकंद घेऊ लागली होती. त्यांनी कारणाचा पाठपुरावा केला, तेव्हा ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साध्या प्रणालीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी जाणीवपूर्वक चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. हे काम करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने त्याआधी दोनहून अधिक वर्षे प्रकल्पात मदतनीस म्हणून विश्वास कमावला होता. २९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी ही बाब जाहीर केली. तोपर्यंत तो दरवाजा डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोरा ४० च्या बीटा आवृत्तीत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र नव्हता. उबुंटूने खबरदारी म्हणून आपल्या २४.०४ या आवृत्तीची बीटा एक आठवडा पुढे ढकलली.

चोर उंबरठ्यावरच पकडला गेला, कारण तेथे कोणी तरी जागे होते. प्रकाशनपूर्व आवृत्त्यांच्या चाचणीचे महत्त्व याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

अल्फा, बीटा आणि नंतर

खासगी कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम मुख्यतः कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली जाते. मुक्त स्रोत प्रणालींची घडण उघड्यावर होते आणि परीक्षाही उघड्यावरच. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर लिनस टोरवाल्ड्स बहुधा दर आठवड्याला एक ‘प्रकाशन-उमेदवार’ आवृत्ती काढतात. या काळात केवळ दुरुस्त्या होतात. सहसा सातव्या किंवा आठव्या उमेदवारानंतर अंतिम आवृत्ती येते.

या गाभ्याभोवती इतर प्रणाली गुंफून वितरणे तयार होतात. उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढते. क्रमांकातच वर्ष व महिना असतो. डेबियनमध्ये अस्थिर, चाचणी आणि स्थिर अशा तीन पायऱ्या आहेत. अस्थिर शाखेचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव पुरेसे बोलके आहे!

धोका खोटा नाही

अशा आवृत्त्या वापरणे म्हणजे निव्वळ हौस नव्हे. सप्टेंबर २००८ मध्ये कर्नल २.६.२७ च्या उमेदवार आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डे अचानक बंद पडू लागली. कार्डावरील कायमस्वरूपी स्मृतीतच चुकीची माहिती लिहिली जात होती. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवूनही कार्ड सुरू होत नव्हते. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. खरा दोष मात्र कर्नलमधील ‘एफट्रेस’ या वेगळ्याच सुविधेत निघाला. ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ या आवृत्तीत या सुविधेचा दोषी भाग बंद करण्यात आला. चाचणी करणाऱ्यांनी झळ सोसली म्हणून लाखो सामान्य वापरकर्ते वाचले.

उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या उबुंटू १७.१० मुळे लेनोवो आणि अन्य काही कंपन्यांच्या लॅपटॉपमधील बायोसची मांडणी बिघडू लागली. चाचणीतून निसटलेला हा दोष प्रकाशनानंतर उघड झाला. डिसेंबरमध्ये ती आवृत्ती डाउनलोडमधून हटवावी लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त प्रत आली. जगात लॅपटॉपचे इतके प्रकार आहेत, की ते सारे कोणत्याही एका प्रयोगशाळेत मावत नाहीत. म्हणूनच घरोघरच्या परीक्षकांची गरज भासते.

आपण काय करावे?

पहिला नियम : ज्या संगणकावर रोजचे काम किंवा कुटुंबाची छायाचित्रे आहेत, त्यावर चाचणी आवृत्ती बसवू नये. सर्वांत सुरक्षित मार्ग आभासी संगणकाचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रणालीत नवी आवृत्ती एखाद्या खिडकीत चालते. बिघडली तर पुसून टाकता येते. मात्र त्यात खरे वाय-फाय, ध्वनी किंवा छपाईयंत्र नीट तपासले जात नाही. त्यासाठी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. त्यात हार्डडिस्कला हात लागत नाही. परंतु २००८ चा अनुभव पाहता जुना, बाजूला पडलेला संगणकच वापरणे शहाणपणाचे.

दोष आढळला, तर ‘चालत नाही’ एवढेच कळवून भागत नाही. आवृत्ती कोणती, यंत्र कोणते, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे क्रमाने लिहावे. तोच दोष पुन्हा घडवून दाखवता आला, तर अर्धे काम झालेच. उबुंटूसाठी लॉन्चपॅड आणि फेडोरासाठी बगझिला येथे अशा नोंदी होतात. आधी कोणी तीच तक्रार केली आहे का, हेही पाहावे.

मराठीची कसोटी

यात मराठी माणसाचे खास काम आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, जोडाक्षरांतील वेलांट्या हे सारे नव्या आवृत्तीत नीट दिसते का, हे परदेशातील अभियंत्याला कळणार नाही; त्याच्या दृष्टीने पडद्यावर अक्षरे उमटली म्हणजे झाले. ती चुकली आहेत, हे ओळखण्यासाठी मराठी डोळाच हवा. प्रकाशनाआधी सांगितले, तर दुरुस्ती पुढच्या सर्वांना मिळते. नंतर सांगितले, तर अनेकदा पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

मुक्त स्रोत प्रणाली फुकट मिळते, असे आपण सहज म्हणतो. तिची किंमत कोणी तरी आपला वेळ देऊन आधीच चुकती केलेली असते. एखाद्या रविवारी दोन तास देऊन त्यात आपलाही वाटा उचलायला काय हरकत आहे?