डायची कातडी
मुंबईत कॉटन ग्रीनजवळच्या दारूखान्यात लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. तिथून टूल स्टील चांगलं घेतलं, तरी त्याची डाय, म्हणजे आकार देणारा साचा, झिजते ती पृष्ठभागावर. त्यावर उपाय प्लाझ्मा नायट्रायडिंग. निर्वात भट्टीत थोडा नायट्रोजन आणि हायड्रोजन सोडून काहीशे व्होल्टचा विद्युतदाब देतात. डायभोवती जांभळट प्रभा पसरते. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला नायट्रोजन आत मुरतो, क्रोमियमशी कठीण नायट्राइड बनवतो. एच-१३ या टूल स्टीलच्या पृष्ठभागाचा कठीणपणा १००० विकर्सच्या आसपास पोचतो. थर मात्र मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचाच. गाभा चिवट राहतो. नंतर पाण्यात-तेलात बुडवणं नाही, म्हणून डाय फारशी वाकत नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हे तंत्र भारतीय उद्योगांपर्यंत नेलं. डायचं टेंपरिंग मात्र नायट्रायडिंगपेक्षा जास्त तापमानाला झालेलं हवं, नाहीतर गाभाच मऊ पडतो. काम देण्याआधी तेवढं विचारून घ्या.