विहिरीच्या कर्जाआधी पाण्याचा हिशेब



विहिरीसाठी कर्ज मागायला गेलं की बँकेचे साहेब आधी पाण्याचं विचारतात. शेजारची विहीर किती लांब, गावाचं पाणलोट कोणत्या वर्गात, झरा कधी आटतो. "पैसे द्यायचे सोडून ह्या चौकशा कशाला?" असं पुष्कळांना वाटतं. पण ही चौकशी आपल्याच फायद्याची आहे. पाणी लागलं नाही तरी हप्ता चुकत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

समजा, तीन लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच ३० हजार. विहीर कोरडी निघाली तर हे पैसे कोरडवाहू बाजरीतून काढावे लागतील. निघतील का, याचा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून करावा.

आपल्या राज्याची सुमारे ८२ टक्के जमीन काळ्या पाषाणावर आहे. ह्या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. ही साठवण थोडी असते. शेजारी-शेजारी विहिरी पाडल्या तर नवीन पाणी तयार होत नाही, एकच पाणी वाटलं जातं. मग एकाचं कर्ज दुसऱ्याची विहीर आटवतं आणि दोघेही थकबाकीत जातात. म्हणूनच नाबार्ड (स्थापना १२ जुलै १९८२) विहिरींच्या कर्जाला पुनर्वित्त देताना त्या भागातल्या भूजलाची स्थिती पाहते.

पावसाने दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यातून उपसण्याजोगं पाणी किती आणि प्रत्यक्ष उपसा किती, यावरून वर्ग ठरतो. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर भाग सुरक्षित. ७० ते ९० टक्के अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के शोषित. १०० च्या वर गेला की अतिशोषित, म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. अशा ठिकाणी बँक "नाही" म्हणाली तर रागावू नका. खासगी सावकाराकडून पैसे आणून तिथेच बोअर पाडणं म्हणजे विकतचं दुखणं घेणं होय.

अर्ज करण्यापूर्वी एवढं करा

१. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आपल्या भागाचा वर्ग विचारा.

२. आजूबाजूच्या विहिरी मे महिन्यात पाहा. मोटारीने उपसल्यावर पाणी पुन्हा भरायला किती तास लागतात, ते लिहून ठेवा.

३. शेजारच्या विहिरीपासून १५० मीटर आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटर अंतर सोडा.

४. कोणतं पीक, किती एकर, किती पाणी, हे आधी ठरवा. थोड्या पाण्यावर उसाचा भरवसा धरून हप्ते बांधून घेऊ नका.

५. हप्ता पीक विकल्यानंतरच्या महिन्यात मागून घ्या. विहीर पुरी होईपर्यंत सवलतीचा काळ किती, तेही विचारा.

बँकेचीही जबाबदारी आहे

व्याज, शुल्क आणि हप्ता आपल्याला समजेल अशा भाषेत सांगून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने जमीन वगैरे तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो आपणहून दाखवून द्या.

नवी विहीर नाही, तर काय?

आहे त्या विहिरीचा गाळ काढणं, ठिबक बसवणं, शेततळं, बांधबंदिस्ती, यासाठी कर्जाची चौकशी करा. गावाने मिळून पाणलोटाचं काम घेतलं तर सगळ्यांच्याच विहिरींना आधार मिळतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, मोकाट चराई आणि झाडतोड थांबवायची, श्रमदान करायचं, ह्या अटींवर नाबार्डच्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी काम केलं.

तेव्हा मंडळी, अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरं. विहिरीच्या बाबतीत आधी झरा पाहावा, मग कर्ज काढावं.