प्रारंभकालीन जॅझच्या ध्वनिमुद्रिका : श्रवण आणि साक्ष

मराठीचा सर्वांत जुना शिलालेख ज्या वर्षी कोरला गेला, त्याच वर्षी मराठी भाषा जन्मली असे कोणी अभ्यासक मानीत नाही. जॅझ संगीताच्या बाबतीत मात्र असा समज वारंवार आढळतो. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या वृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ मुद्रित केले. ती जॅझची पहिली प्रकाशित ध्वनिमुद्रिका गणली जाते. तथापि, हे पाचही वादक गौरवर्णीय होते. ही शैली घडविण्यात न्यू ऑर्लिन्समधील ज्या कृष्णवर्णीय वादकांचा वाटा मोठा, त्यांपैकी बडी बोल्डन १९०७ मध्येच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. त्याच्या कॉर्नेटवादनाची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाही. सारांश, जे प्रथम मुद्रित झाले तेच प्रथम निर्माण झाले, असे म्हणता येत नाही.

या दृष्टीने किंग ऑलिव्हरच्या ‘क्रिओल जॅझ बँड’ने १९२३ मध्ये केलेल्या मुद्रिका संग्रहात अवश्य असाव्यात. दोन कॉर्नेट, क्लॅरिनेट व ट्रॉम्बोन यांचे परस्परांत गुंफलेले सामूहिक वादन त्यांत ऐकावयास मिळते. दुसरा कॉर्नेटवादक होता तरुण लुई आर्मस्ट्राँग. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये त्याचे पहिले मुद्रित एकलवादन आहे. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळी ध्वनी कर्ण्यात गोळा होऊन सुईने मेणावर कोरला जाई. मोठ्या ढोलाच्या आघाताने ती सुई उसळण्याचा धोका असल्याने बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. तेव्हा या मुद्रिकांवरून त्या वृंदात ढोलाला स्थान नव्हते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे यंत्राची मर्यादा शैलीच्या माथी मारणे होय. सुमारे तीन मिनिटांची कालमर्यादाही अशीच यंत्राने लादलेली होती. १९०२ मध्ये गौहरजानच्या गायनालाही तिच्यातच बसावे लागले होते.

१९२५ मध्ये विद्युत्-मुद्रण प्रचारात आले आणि ध्वनीचा पट विस्तारला. जेली रोल मॉर्टनची ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ (१९२६) ही मुद्रिका पूर्वरचना व उत्स्फूर्तता यांचा मेळ दाखविते. ‘सिंगिन द ब्लूज’मध्ये (१९२७) बिक्स बायडरबेकचा संयत कॉर्नेट ऐकू येतो. आर्मस्ट्राँगच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा (१९२८) प्रारंभ साथीवाचून वाजविलेल्या ट्रंपेटच्या स्वरावलीने होतो. ही मुद्रिका १९२३ च्या मुद्रिकांपाठोपाठ ऐकली असता, अवघ्या पाच वर्षांत सामूहिक वादनाकडून एकलवादकाकडे झालेले स्थित्यंतर कानांना स्पष्ट जाणवते.

म्हणून संग्राहकाने केवळ दुर्मिळतेच्या मागे न लागता प्रत्येक मुद्रिकेबरोबर मुद्रणाची तारीख, स्थळ, वादकांची नावे व मुद्रणपद्धती यांचीही नोंद ठेवावी. या नोंदींच्या आधारेच तबकडीवरील मौनाचाही अर्थ लावता येतो.